उपवास, उरलेला भात आणि साखरेचा चहा: मधुमेहातल्या आहारबदलाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शोभाताई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहेत. वय ४८. घरात नवरा, सासूबाई, नोकरी शोधणारा मुलगा आणि बारावीतली मुलगी. टाईप २ मधुमेहाचं निदान होऊन सहा वर्षं झाली होती. गोळ्या दोन: मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्याआधी. गोळ्या चुकवण्याची सवय नव्हती. रिकामी पाकिटं मोजल्यावर हिशेब जुळत होता.

जूनमधल्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा टक्क्यांतला आकडा) ९.२ आला. उपाशीपोटी साखर १६८, जेवणानंतर दोन तासांनी २६२. वजन ६८ किलो, उंची १५२ सेंटिमीटर, कंबर ९६ सेंटिमीटर. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) ठीक. हिमोग्लोबिन मात्र १०.२ होतं आणि शरीरात लोहाची कमतरता होती. ही शेवटची नोंद लक्षात ठेवावी, निकाल वाचताना ती लागणार आहे.

सहा वर्षांत त्यांना तीन छापील आहारतक्ते मिळाले होते. एका तक्त्यात सकाळी ओट्स, दुपारी ब्राउन राइस आणि संध्याकाळी भाजलेले मखाणे होते. त्यांच्या स्वयंपाकघरात यातलं एकही नव्हतं आणि सासूबाईंनी ते येऊही दिलं नसतं. तो तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. दुसरा १२०० कॅलरींचा होता आणि आठ दिवस टिकला. तिसरा त्यांनी उघडून पाहिला नव्हता.

डॉक्टरांच्या कागदावर गेल्या चार भेटींत एकच ओळ होती: ‘पथ्य पाळत नाहीत.’

अडचण नेमकी कुठे होती

शोभाताईंना माहितीची गरज नव्हती. सप्टेंबरमधल्या पोषण माहात गावातल्या बायकांना चौरस आहार समजावून सांगणाऱ्या त्याच. डाळीत काय असतं, मैद्यात काय नसतं, साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळपास काहीच नसतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. “भात कमी करा, हे मीच महिन्यातून दोनदा सांगते. मला कळत नाही असं काही नाही. होत नाही, एवढंच,” हे त्यांचं पहिल्या भेटीतलं जवळजवळ पहिलं वाक्य.

अशा माणसाला पुन्हा माहिती दिली तर दोनच गोष्टी होतात. एक तर तो मान डोलावतो आणि काही करत नाही. नाही तर आपण का बदलू शकत नाही याची कारणं सांगू लागतो, आणि तीच कारणं स्वतःच्या तोंडून ऐकून ती त्याला आणखी पटतात. प्रेरक समुपदेशनाची पद्धत या दुसऱ्या गोष्टीच्या निरीक्षणातून आली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ती दारूच्या व्यसनाच्या संदर्भात मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत विकसित केली. समुपदेशकाने बदलाची बाजू लावून धरली की समोरच्याकडे न बदलण्याची बाजू तेवढी उरते. त्यामुळे बदलाची कारणं समोरच्याच्या तोंडून यावीत असे प्रश्न विचारायचे, ती आली की नेमकी पकडायची आणि त्याला परत ऐकवायची, असा हा उलटा रस्ता आहे.

इथे एक गैरसमज बाजूला ठेवला पाहिजे. ही पद्धत म्हणजे गोड बोलणं नव्हे आणि पाठ थोपटणंही नव्हे. कशाला हात लावायचा, कशाला लावायचा नाही आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवायचं कसब त्यात जास्त आहे. या प्रकरणात जिथे जिथे अडलं, तिथे क्रम चुकला होता.

कोणते पर्याय होते

डॉक्टरांपुढे चार रस्ते होते. रात्रीचं एक इन्सुलिन सुरू करणं, तिसरी गोळी वाढवणं, नवा कडक आहारतक्ता देणं, किंवा औषध तेच ठेवून तीन महिने समुपदेशनाचा प्रयत्न करणं.

९.२ हा आकडा थांबण्यासारखा आहे का, हा रास्त प्रश्न होता. डॉक्टरांनी आधी धोक्याच्या खुणा पाहिल्या. वजन आपोआप उतरत नव्हतं, वारंवार लघवी आणि तहान नव्हती, लघवीत कीटोन (इन्सुलिन फारच कमी पडत असल्याची खूण) नव्हते. यातलं एकही असतं तर थांबायचा प्रश्नच नव्हता, औषध त्याच दिवशी वाढलं असतं. शोभाताईंना इन्सुलिनची धास्ती होती: “एकदा सुई लागली की संपलं.” हा समज चुकीचा आहे, पण त्या दिवशी तो खोडण्यात वेळ घालवला नाही.

ठरलं ते असं. तीन महिने, पंधरा दिवसांनी एक भेट, लोहाच्या गोळ्या सुरू, घरी ग्लुकोमीटर. सप्टेंबरमध्ये एचबीए१सी ८.५ च्या खाली आला नाही तर औषध वाढवायचं आणि त्यावर पुन्हा वाद नाही. ही अट कागदावर लिहून दोघांनी वाचली. मुदत आणि आकडा आधी ठरलेला नसेल तर समुपदेशन म्हणजे औषध लांबवायचा सभ्य बहाणा होऊन बसतो, आणि साखर तोवर आपलं नुकसान करतच राहते.

पहिली भेट: आकडा विचारला, पण उलट बाजूने

चाळीस मिनिटांच्या भेटीत समुपदेशक निम्म्याहून कमी वेळ बोलल्या. सुरुवात “काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं? चांगलं-वाईट काही ठरवायचं नाही, फक्त सांगा,” अशी झाली.

चित्र उभं राहिलं ते असं. पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. सपाट चमचा ५ ग्रॅमचा धरला तर दिवसाला ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी. सकाळी पोळी-भाजी किंवा पोहे. दुपारी अडीचला घरी येऊन भात-आमटी, भूक कडकडून लागलेली असल्याने दोन मोठ्या वाट्या. रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर दहाच्या सुमारास भाकरी, आणि पातेल्यात उरलेला भात. “टाकायचा कसा? मी अंगणवाडीत पोरांना सांगते, अन्न टाकू नका.” आणि मग बऱ्याच वेळाने, आवाज खाली आणून: अकराला सगळे झोपले की ओट्यापाशी उभं राहून डब्यातला गूळ आणि मूठभर शेंगदाणे.

यानंतर दोन प्रश्न आले. “हे बदलणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा?”

“नऊ. दहाच म्हणा.”

“आणि जमेल असं किती वाटतं?”

“तीन.”

इथे नवशिका समुपदेशक हमखास विचारतो, “तीनच का?” त्याचं उत्तर म्हणून न जमण्याची यादी येते. प्रश्न उलटा विचारायचा असतो. “तीन म्हणालात. शून्य किंवा एक का नाही म्हणालात?”

शोभाताई थांबल्या. “पहिल्यांदा शुगर निघाली तेव्हा महिनाभर बिनसाखरेचा चहा घेतला होता की मी. दोन किलो उतरले होते. मग भाचीच्या लग्नात मोडलं, ते मोडलंच.”

“म्हणजे सुरू करणं तुम्हाला जमतं. एकदा मोडलं की परत धरणं जड जातं.”

“हां. तेच.”

या दोन आकड्यांनी पुढचं काम ठरलं. महत्त्व ९ असताना डोळे-किडनी-पाय यांची भीती घालण्यात अर्थ नव्हता. ती त्यांना आधीच होती. कमी होता तो विश्वास. विश्वास कमी असताना भीती वाढवली तर माणूस तपासणीला यायचंच टाळतो. त्यामुळे छोटं, लवकर जमेल असं आणि मोडलं तर परत धरता येईल असं काहीतरी हवं होतं.

कागदावर सात गोल काढले. सहांमध्ये त्यांच्याच बोलण्यातले विषय: चहा, दुपारचा भात, रात्रीचं उरलेलं, गूळ-शेंगदाणे, उपवास, चालणं. सातवा रिकामा. समुपदेशकांच्या हिशेबाने रात्रीचं उरलेलं सर्वांत मोठं होतं. शोभाताईंनी चहावर बोट ठेवलं. आणि रिकाम्या गोलात लिहिलं, ‘घरचे बोलतात.’

नवरा आणि मुलगा पाहुण्यांसमोर “तुला शुगर आहे ना?” म्हणायचे. काळजीपोटीच म्हणत असतील, पण परिणाम उलटा व्हायचा: समोर खाणं कमी झालं आणि अकरा वाजताचा डबा सुरू झाला. सहा वर्षांतल्या कुठल्याही तक्त्यात हा डबा आलेला नव्हता, कारण तो कुणी विचारलाच नव्हता.

चहाचं पातेलं

‘चहातली साखर कमी करा’ हे वाक्य सोपं आहे. पण आपल्या घरांत साखर कपात नाही, पातेल्यात पडते. पाच जणांचा चहा एकत्र उकळतो आणि त्यात आठ-दहा चमचे साखर आधीच गेलेली असते. तिथे एकटीने साखर कमी करायची म्हणजे सगळ्यांचा चहा फिका करायचा, नाही तर स्वतःसाठी वेगळं पातेलं चढवायचं. शोभाताईंचा मागचा प्रयत्न वेगळ्या पातेल्यावर चालला होता. लग्नघरात वेगळं पातेलं कोण चढवणार?

समुपदेशकांनी आधी परवानगी घेतली: “चहाबद्दल इतरांनी काय केलं ते सांगितलं तर चालेल?” मग दोन-तीन पर्याय ठेवले आणि विचारलं, “यातलं तुमच्या घरात काय बसेल?” आधी विचारणं, मग थोडं सांगणं, मग त्यावर त्यांचं मत घेणं, या तीन पायऱ्या माहिती देताना कायम पाळल्या गेल्या. शोभाताईंनी चौथाच मार्ग काढला. चहा पूर्ण बिनसाखरेचा उकळायचा, आधी आपल्या कपात गाळून घ्यायचा, मग उरलेल्यात साखर घालून पुन्हा एक उकळी. एकच पातेलं, एकच गॅस, सासूबाईंच्या चहाची गोडी तीच.

साखर एकदम बंद केली नाही. पहिले दोन आठवडे कपाला एक चमचा, पुढे अर्धा. जिभेला कमी गोडाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. एकदम शून्यावर आलं की पहिल्याच समारंभात दोन चमच्यांवर उडी जाते. कप पाचावरून तीनवर. जेवणाला लागून घेतलेला चहा आधी गळला, कारण त्याने अन्नातलं आणि गोळीतलं लोह नीट शोषलं जात नाही, हे शोभाताईंना कामामुळे ठाऊकच होतं. महिनाभरात दिवसाची चहातली साखर ५० ग्रॅमवरून साधारण ७-८ ग्रॅमवर आली.

अडलं ते अंगणवाडीत. तिथे मदतनीस चहा करायच्या, आणि मासिक बैठकीत तर तो मोठ्या किटलीतून तयार यायचा. बैठकीचा चहा गोडच घ्यायचा, तो मोजायचा आणि त्याला ‘मोडलं’ म्हणायचं नाही, असं शोभाताईंनी ठरवलं. महिन्यातून एक कप. सोडून दिलेल्या पथ्याला परत धरायची ही त्यांची पहिली तालीम होती, आणि ती चांगली जमली.

उपवासावर अडलेली गाडी

दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीच्या मध्ये आषाढी एकादशी आली. शोभाताईंनी नेहमीप्रमाणे सकाळी ग्लिमेपिराइड घेतली, पोटात फक्त चहा. तोही आता कमी साखरेचा. दुपारी एकच्या सुमारास हातपाय थरथरू लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी. मीटरवर ६४. जवळ होते ते दोन पेढे खाल्ले, घरी येऊन दोन बशा साबुदाण्याची खिचडी. दोन तासांनी मीटरवर ३१८.

यामागचं कारण साधं आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, अन्न आलं असो वा नसो. पोट रिकामं असलं की साखर ७० च्या खाली घसरू शकते. घसरलेल्या साखरेने कडकडून भूक लागते आणि समोर येते ती खिचडी. एका बशीत ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा धरला तर त्यातच ५० ग्रॅमच्या वर पिष्ट असतं, वर बटाटा आणि चवीची साखर वेगळी. दोन बशांनंतर ३१८ हा आकडा आश्चर्याचा नव्हता.

तिसऱ्या भेटीत हे ऐकून समुपदेशकांनी सरळ सांगितलं की निदान काही महिने उपवास बंद ठेवा. श्रावण दोन आठवड्यांवर होता आणि त्यात सोमवार व शनिवार मिळून आठवड्याला दोन उपवास होते, त्यामुळे काळजी खरी होती. शोभाताई “बरं, बघते” म्हणाल्या, आणि चौथ्या भेटीला आल्या नाहीत.

या वळणावर दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले होते. साखर ६४ वर जाणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे. तिथे समोरच्याची तयारी होईपर्यंत थांबायचं नसतं. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून गोळीचा बंदोबस्त करायला हवा होता आणि साखर उतरल्यावर काय करायचं ते सांगायला हवं होतं: तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी, ७० च्या वर गेलं नसेल तर पुन्हा तेच, मग थोडं जेवण. पेढ्यात तूप-खवा असतो, साखर रक्तात उतरायला वेळ लागतो आणि तोवर माणूस दुसरा, तिसरा पेढा खातो. हे सगळं सांगायला उपवास बंद करायची गरज नव्हती. उपवास करायचा की नाही हा त्यांच्या श्रद्धेचा आणि घराचा प्रश्न होता, आणि त्यावर निर्णय देण्याचा अधिकार समुपदेशकांना कुणी दिलेला नव्हता.

आठवडाभराने समुपदेशकांनी फोन केला. “ताई, मागच्या वेळी मी उपवास बंद करा म्हणाले, पण तो तुमच्यासाठी काय आहे हे विचारलंच नाही. सांगाल का?”

सोमवार मुलगा लहानपणी आजारी असताना धरलेला होता. त्यापलीकडे आणखी एक गोष्ट निघाली: उपवासाच्या दिवशी घरात त्यांच्या खाण्यावर कुणी बोलत नाही. “त्या दिवशी माझ्यासाठी वेगळं होतं. मी आधी खाते.” इतर दिवशी त्या सगळ्यांच्या मागून, उरलेलं खायच्या. उपवास काढून घेणं म्हणजे त्यांचं एकमेव स्वतःचं ताट काढून घेणं होतं. हे कळल्यावर त्या भेटीला का आल्या नाहीत हे वेगळं विचारावं लागलं नाही.

फोन संपायच्या आत गोळीचं काम पुढे सरकलं. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमवर आणली आणि उपवासाच्या सकाळी ती घ्यायचीच नाही असं लिहून दिलं. मेटफॉर्मिन फराळासोबत चालू. हा बदल ज्याने त्याने आपल्या मनाने करायचा नसतो. कुणाची कोणती गोळी थांबवता येते हे डॉक्टरच ठरवतात.

फराळाचं काय, हे शोभाताईंनी मीटरवर ताडून पाहायचं ठरवलं. एका सोमवारी एक बशी साबुदाणा खिचडी: आधी १५१, दोन तासांनी २९२. पुढच्या सोमवारी अर्धी वाटी शिजलेली भगर, वाटीभर दाण्याची आमटी आणि काकडी घातलेलं दही: आधी १४६, दोन तासांनी १९८. दोन दिवसांच्या मोजणीने शास्त्र सिद्ध होत नाही. भगरसुद्धा पिष्टच आहे, वाटीभर घेतली की तीही साखर चढवते. फरक पडला तो प्रमाणाने आणि सोबतच्या दाण्या-दह्याने. पण हे आकडे त्यांनी स्वतःच्या बोटातून काढले होते. नंतर त्यांनी खिचडी सोडली नाही, महिन्यातून एकदा एक बशी ठेवली.

घरच्यांना बोलावणं

नवऱ्याला भेटीला बोलवायचं की नाही, यावर दोन मतं होती. पहिल्याच भेटीत बोलावलं असतं तर त्यांनी तक्रारींची यादी वाचली असती आणि अकरा वाजताचा डबा कधीच बोलण्यात आला नसता. पाचव्या भेटीत शोभाताईंनीच बोलावलं, आणि काय बोलायचं ते आधी ठरवून आल्या.

नवरा आल्या आल्या म्हणाले, “मी तर रोज सांगतो हिला.” समुपदेशकांनी त्यांची काळजी मान्य केली आणि प्रश्न शोभाताईंकडे वळवला: “मदत म्हणजे नेमकं काय केलेलं तुम्हाला चालेल?”

“पाहुण्यांसमोर शुगरचं नाव काढू नका. आणि रात्री मी पण तुमच्यासोबत साडेआठला बसणार. वाढायला पातेली मध्ये ठेवू, ज्याने त्याने घ्यायचं.”

नवरा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आईचं काय?” सासूबाईंना वेगळं काही समजावलं नाही. त्यांना आधी गरम वाढून मग सगळे बसू लागले, आणि तो मुद्दा तिथेच मिटला. अशा गोष्टी कधी कधी अपेक्षेपेक्षा सोप्या निघतात.

उरलेल्या भाताचा प्रश्न मोजमापात सुटला. रात्री पाच जणांसाठी तीन वाट्या तांदूळ लागायचे, अंदाजाने. ते दोनवर आणले, सोबत उसळ किंवा घट्ट वरण वाढवलं. पहिल्या आठवड्यात दोनदा कमी पडलं, मुलाने अंडी करून खाल्ली. तिसऱ्या आठवड्यापासून पातेल्यात उरेना. रोज रात्री मन आवरण्यापेक्षा संध्याकाळी एक वाटी कमी घेणं फार हलकं काम आहे. उरलाच तर सकाळी फोडणीचा करून नवऱ्याने खायचा, असंही ठरलं आणि बऱ्यापैकी पाळलं गेलं.

त्यांचं स्वतःचं ताट असं झालं: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग एक भाकरी आणि पालेभाजी, शेवटी अर्धी वाटी भात. भाजी आणि प्रथिनं आधी, पिष्ट नंतर, या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. दुपारची कडकडून भूक मोडायला अंगणवाडीत साडेअकराला मूठभर फुटाणे आणि ताक.

गूळ-शेंगदाण्याच्या डब्याला कुणी हात लावला नाही. रात्री साडेआठला पोटभर जेवण आणि टोमणे बंद, एवढ्यावर तो आठवड्यातून एकदा-दोनदा उघडायच्या पातळीवर आपोआप आला. पूर्ण बंद झाला नाही.

परिणाम

सप्टेंबरमध्ये एचबीए१सी ८.१, वजन ६६.२. ठरलेली ८.५ ची रेषा ओलांडली नव्हती, त्यामुळे इन्सुलिन टळलं.

पण हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, आणि गोळ्यांनी रक्त सुधारलं की तो काहीसा खाली येतो. शोभाताईंचं हिमोग्लोबिन तोवर ११.८ झालं होतं. म्हणजे १.१ ची घट सगळी आहाराची, असं म्हणणं लबाडी झाली असती. घरच्या मीटरने मात्र दिशा खरी असल्याचं दाखवलं: सकाळची उपाशीपोटी साखर १६० च्या घरातून १३५ ते १४५ वर आली होती, तीही ग्लिमेपिराइड निम्मी करून. साखर ७० च्या खाली पुन्हा गेली नाही.

दिवाळीत वजन एक किलो वाढलं, चहात पुन्हा दीड चमचा साखर आली. या वेळी त्यांनी भाऊबीज झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात फोन केला. पूर्वी अशाच वळणावर सहा महिने गायब झाल्या होत्या. डिसेंबरमध्ये आकडा ७.८. डॉक्टरांनी तिसरी गोळी सुचवली आणि शोभाताईंनी ती सुरू केली. काहींना हे समुपदेशनाचं अपयश वाटेल. तसं मानायचं कारण नाही. सहा वर्षांच्या मधुमेहाला आहार एकटा पुरेल अशी खात्री कधीच नव्हती. मार्चमध्ये ७.३, वजन ६५. ‘जमेल असं किती वाटतं’ याचं उत्तर तीनवरून सातवर. सातच का, असं कुणी विचारलं नाही, पण त्या स्वतःच म्हणाल्या, “चालणं अजून होत नाही.”

या पद्धतीबद्दल मोठे दावे करू नयेत. मधुमेहात प्रेरक समुपदेशनावर झालेल्या सगळ्याच चाचण्यांत एचबीए१सी घटलेला दिसतो असं नाही. खाण्याच्या सवयींवर परिणाम दिसतो, पण रक्तातल्या आकड्यावर तो अनेकदा लहान किंवा अनिश्चित असतो. ज्याला माहितीच नाही, त्याला आधी माहिती लागते. ज्याच्या घरात दोन वेळचं अन्न रेशनवर अवलंबून आहे, त्याच्यापुढे पर्यायांचे गोल काढणं क्रूर आहे. शोभाताईंच्या बाबतीत ही पद्धत लागू पडली, कारण माहिती होती, इच्छा होती, आणि अडसर घराच्या रचनेत होता.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक उपवासाबाबतची, आणि ती तिसऱ्या भेटीत नाही, पहिल्याच भेटीत झाली. ग्लिमेपिराइड, त्याच जातीची ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला ‘तुम्ही उपवास धरता का, कोणते, त्या दिवशी गोळी कशी घेता’ हे सुरुवातीलाच विचारायला हवं. उपवास हा शब्द कागदावरच्या गोलात होता, पण शोभाताईंनी चहा निवडला म्हणून तो मागे राहिला. विषय निवडायचा हक्क समोरच्याचा असतो. साखर कमी होण्याचा धोका तपासणं समोरच्याच्या निवडीवर सोडायचं नसतं. शिवाय चहातली साखर कमी केल्याने एकादशीच्या सकाळी पोटात जाणारी थोडी साखरही गेली होती. एक बदल दुसऱ्या धोक्याला कसा जाऊन लागतो हे आधी पाहायला हवं होतं.

चौथ्या भेटीला न आल्यावर फोन करायला आठवडा गेला. दोन दिवस पुरे होते, कारण मधल्या काळात त्या तीच २ मिलिग्रॅमची गोळी घेत होत्या आणि श्रावण सुरू झाला होता.

आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. टाईप २ मधुमेहात ती निदानाच्या वेळीच करायची असते आणि नंतर साधारण दरवर्षी. शोभाताईंची सहा वर्षांत एकदाही झाली नव्हती. आहाराच्या बोलण्यात ती इथेही मागे पडली आणि डिसेंबरमध्ये झाली. दोन्ही डोळ्यांत सुरुवातीचे सौम्य बदल निघाले. उपचाराची गरज नव्हती. पुढची तपासणी सहा महिन्यांनी लिहून दिली आहे.